कवटीच्या वरची ओळ

मला त्या मासिकाची शिसारी होती आणि आजही आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बायको गेली आणि म्हातारा मऊ झाला. मऊबिऊ काही झालेलो नाही.

पेठ गावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला माझा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, एक खोली, वर पत्रा, आत पायानं मारायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या खिळ्यांचे, म्हणजे सुट्या अक्षरांचे, खण. मी चौथी शिकलो. बायको सातवी, निमगाव साव्याची. ती खणांतले खिळे उचलून ओळी जुळवायची, मी मशीन मारायचो. जुळवलेली ओळ उलटी दिसते, आरशात दिसावी तशी. मला ती वाचायला निम्मा दिवस लागायचा. ती भाजी निवडल्यासारखी वाचायची.

कामं ठरलेली. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, कुस्त्यांच्या जाहिराती, दशक्रियेची कार्डं. आमच्या छापखान्याचा एक नेम होता. कुठलाही कागद असो, सगळ्यात वर ‘॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥’. गिऱ्हाइकानं सांगो न सांगो. फक्त दुःखाच्या कागदावर नाही. दशक्रियेच्या कार्डावर वरची जागा कोरी, सुतकात देवाचं नाव घ्यायचं नाही म्हणून. बाकी सगळीकडं ती ओळ लागायचीच, म्हणून बायकोनं ती एकदा जुळवून सुतळीनं बांधून ठेवली होती. ओळ मोडायची नाही, खिळे परत खणात टाकायचे नाहीत. उचलायची, फर्म्यात म्हणजे छापायच्या चौकटीत बसवायची, काम झालं की पुसून जाग्यावर. पंधरा वर्षं ती सुतळी सुटली नव्हती. सुतळी शाईनं काळी कुळकुळीत झाली होती.

आमचा पोरगा पुण्याला कॉलेजात गेला आणि दुसऱ्या वर्षी केस खांद्यापर्यंत घेऊन आला. त्याला एसटीतून उतरताना पाहिलं तर मला वाटलं, कुणाची तरी सून आली. मागं त्याचा दोस्त, एका कानात बाळी. दोघांच्या अंगात काळे बनियन, त्यावर हाडं आणि रक्त. घरात शिरल्या शिरल्या टेपरेकॉर्डर लावला. घशात काटा अडकलेलं बोकड ओरडावं तसा एक माणूस ओरडत होता, आणि मागं कुणीतरी पत्र्यावर दगड मारत होतं. मी जेवता जेवता ताटावरनं उठलो.

“आण्णा, हे रॉक हाय,” पोरगा म्हणाला.

“मग डोंगरावर जाऊन ऐका.”

बायको पदर तोंडाला लावून हसली. मला नाही, त्यांना नाही, असंच.

दोघांना मासिक काढायचं होतं. रॉक संगीताचं, कॉलेजच्या पोरांसाठी, मराठीतनं. आतली पानं पुण्यात झेरॉक्स करणार, पण मुखपृष्ठ आणि आतली मथळ्यांची पानं त्यांना आमच्या खिळ्यांनी छापून पाहिजे होती. कॉम्प्युटरची अक्षरं म्हणे मेलेली दिसतात. हे ऐकून मी थोडा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी डमी काढली. डमी म्हणजे कोऱ्या कागदांची घडी, त्यावर पेन्सिलीनं कुठं काय येणार ते आखलेलं. मी चष्मा लावून बघितलं. मधोमध दात विचकणारी कवटी, तिच्या कानांवर ऐकायचे डबे. नावाची अक्षरं तिरकी, एक मोठं, एक बारकं, एक अक्षर तर ओळ सोडून खाली पडलेलं. आत एका पानावर शाईचा डाग, तोही मुद्दाम. शाईचा डाग पडला म्हणून मी आयुष्यात कितीतरी पत्रिका फाडून परत छापल्या, आणि हे डाग मागून घेत होते.

“ओळ सरळ पाहिजे,” मी म्हणालो. “ओळ वाकडी छापणारा छापखानेवाला नसतो, दारूडा असतो.”

“काका, वाकडंच पाहिजे,” बाळीवाला म्हणाला. “आमची पोरं सरळ बघून कंटाळलीत.”

“तुमच्या बापानं तुमाला सरळ केलं असतं तर कंटाळला नसता.”

“माझा बापच टक्कल पाडून फिरतो काका, त्याचं कोण ऐकणार?”

बायको पुन्हा हसली, ह्या वेळी मोठ्यानं. मग तिनं डमी माझ्या हातातनं घेतली. शिशाच्या खिळ्यांची ओळ तिरकी बसवणं सोपं काम नाही. खिळे चौकोनी, चौकट चौकोनी, सगळं सरळच बसायला जन्मलेलं. तिनं लग्नपत्रिकांची कात्रणं घेतली, घड्या घालून पाचरी केल्या, लाकडाच्या पट्ट्या ब्लेडनं तासल्या आणि एकेक अक्षर पाचरीत आवळलं. दोन दिवस लागले. पोरगं शेजारी उभं राहून “आई, आजून थोडं पाड, आजून” म्हणायचं, आणि ती पाडायची. मला ते बघवत नव्हतं. मी बाहेर रस्त्याकडच्या दगडावर बसून तंबाखू मळायचो. तिनं माझ्यासाठी असं दोन दिवस खपून काही वाकडं केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पोरांनी पुण्याहून करून आणलेला कवटीचा ठसा बसवून फर्मा मशीनवर चढवला, शाई फिरवली, पहिला कागद मारला. मी कागद उचलून धरला तर कवटीच्या वर, अगदी मधोमध, सरळ, ठसठशीत ‘॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥’.

बाळीवाला इतका हसला की खाली बसला. पोरगाही हसला, भिंतीला टेकून. बायकोनं जीभ चावली.

“अगं बाई! हातानंच बसवली गेली वो. फर्मा आवळताना हात गेला तिकडं. थांबा, काढते.”

“काकू, काढायची नाही!” बाळीवाल्यानं तिचा हातच धरला. “हीच पाहिजे. आख्ख्या पुण्यात असलं कुणाकडं नाही.”

“आरं पण देवाचं नाव, खाली हे तोंड...”

“आई, राहू दे ना,” पोरगा डोळे पुसत म्हणाला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी थुंकायला बाहेर गेलो. आत आलो तोवर ती पायानं मशीन मारत होती.

असे तीन अंक निघाले. प्रत्येक खेपेला ती दोघं डमी घेऊन यायची, बायको पाचरी तासायची, आणि शेवटी सुतळीची ओळ उचलून वर बसवायची. आता चुकून नाही, जाणून. कवटी गेली आणि जळता हात आला, मग पंख फाटलेलं वटवाघूळ. ह्या घाणीकडं मी बघायचो नाही. मी माझं काम म्हणून मशीनला तेल घालायचो, बाकी हात लावला नाही.

एकदा महाळुंगे पडवळहून एक पाहुणे लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आले. वाळत घातलेलं मुखपृष्ठ त्यांनी दोरीवरनं उचललं. बघतच राहिले. म्हणाले, “काय राव, भैरवनाथाच्या पायाशी वटवाघूळ? आमच्या पोरीच्या पत्रिकेवर काय घालताय, घुबड?” आणि मग चहाच्या टपरीवर तेच बोलले. टपरीवर लोक हसले. मी पैसे न देताच उठलो, टपरीवाल्यानं हाक मारली तरी मागं बघितलं नाही.

तसाच छापखान्यात आलो. ती खिळे पुसत बसली होती.

“तुला कळतं का काय, ती पोरं तुला हसतात,” मी म्हणालो. “पुण्यात जाऊन दाखवतात, बघा आमची आडाणी म्हातारी, कवटीवर देव बसवते. तमाशा केलाय तुझा. आन् तू मशीन मारतीस त्यांच्यासाठी.”

तिनं हात पुसले. मग उठून ती ओळ घेतली, खिडकीपाशी गेली, नखानं सुतळीची गाठ सोडवायला लागली. पंधरा वर्षांची गाठ, शाईनं दगड झालेली, सुटेना. तिनं दातानं सोडवली. ओठाला काळं लागलं. मग एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकला. श्री त्याच्या खणात, भ भाच्या खणात. मी उभा राहून बघत होतो. ‘राहू दे’ म्हणायला तोंड उघडलं नाही. उलट मनात म्हणालो, बरं झालं, अक्कल आली.

त्यानंतर ती छापखान्यात आली नाही. घरचं खूप काम पडतं, म्हणाली. पोरगा चौथ्या अंकाची डमी घेऊन आला तर म्हणाली, “डोळ्यांना दिसत न्हाई रं आता बारीक. तुज्या आण्णांना सांग.” डोळे तिचे चांगले होते. तांदळातला खडा लांबून दिसायचा तिला. मी बाजूलाच बसलो होतो, आणि मला माहीत असून मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. पोरगा डमी पिशवीत घालून गेला. आंब्याच्या दिवसांत तिला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग मंचरचा दवाखाना, मग पुणं. पुण्याहून आणली ती झाकूनच.

दशक्रियेचं कार्ड मी स्वतः जुळवलं. तिचं नाव उलटं जुळवायला मला सकाळपासून दुपार झाली. वरची जागा कोरी.

दहाव्याला नदीवर पोरगा न्हाव्यापुढं बसला. ज्या केसांवरनं मी दोन वर्षं त्याला शिव्या घातल्या, ते त्याच्या मांडीवर पडत होते. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तो उठला तर बाळीवाला पुढं होऊन बसला.

न्हावी थांबला. “पावणं, तुमी मयताचे कोण?”

“काकूंच्या हाताखाली काम केलंय,” तो म्हणाला.

न्हाव्यानं माझ्याकडं बघितलं. भावकीतली माणसं माझ्याकडं बघत होती. हे आमच्यात होत नाही. केस द्यायचे ते घरच्यांनी. मी मान हलवली. न्हाव्यानं त्याचं डोकं ओलं केलं. बाळी तेवढी कानात राहिली.

महिन्याभरानं दोघं छापखान्यात आले, खुरटे केस उगवलेले, हातात चौथ्या अंकाची नवी डमी. मशीन मीच मारणार होतो, दुसरं कोण होतं. मी पान उघडलं. ह्या वेळी चित्रच नव्हतं. खाली तिरकं नाव, आणि वर पेन्सिलीनं आखलेली लांबट रिकामी चौकट.

“हितं काय घालायचं?” मी विचारलं.

“काय न्हाई,” पोरगा म्हणाला. “आपला नेमच हाय ना आण्णा. दुःखाच्या कागदावर वरची जागा कोरी.”

मी स्टुलावर बसलो. मग सांगून टाकलं. टपरी, पाहुणे, मी तिला काय बोललो, सुतळी. सगळं. बोलताना आवाज चढला माझा, जसा नेहमी चढतो, जणू त्यांचीच चूक.

पोरगा खिळ्यांच्या खणाकडं बघत होता. “हसलो व्हतो आमी,” तो म्हणाला. “पयल्या दिवशी. पोटभर हसलो. मंग दुसऱ्या अंकाला पोरांची पत्रं आली, ती ओळ कोण लावतं, त्या काकूंना भेटायचंय. नगरहून एकजण येणार व्हता. आई लाजंल म्हणून आमी सांगितलं न्हाई.” मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “आमाला लाज वाटत नव्हती, आण्णा. तुमाला वाटत व्हती.”

बाळीवाला दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

मला तेव्हा माझ्याच तोंडाची किळस आली, ज्या तोंडानं मी तिला आडाणी म्हणालो होतो, चौथी शिकलेल्या तोंडानं. कवटी, वटवाघूळ, सगळं त्यापुढं स्वच्छ होतं.

फर्म्यात कोरी जागा म्हणजे मोकळी जागा नव्हे. मोकळी सोडली तर खिळे ढिले पडतात, मशीनवर सगळं गळून खाली येतं. कोरं छापायचं तर तिथं लाकडाच्या बुटक्या पट्ट्या भराव्या लागतात, ज्यांना शाई लागत नाही. मी पट्ट्या शोधायला तिचं फडताळ उघडलं. तिथं तिनं तासलेल्या पाचरी होत्या, कात्रणांच्या घड्या होत्या, सगळं एका डब्यात नीट. ती काळी सुतळीही होती, गुंडाळून ठेवलेली. तिनं फेकली नव्हती.

तिच्याच पाचरी वापरून मी नाव तिरकं केलं. माझ्यानं तिच्यासारखं जमलं नाही, दोन अक्षरं परत परत पडत होती, आणि ह्या खेपेला ती पडायला नको होती. वरच्या जागेत लाकूड भरलं आणि आवळलं. पहिला कागद मारला आणि उजेडात धरला. वरची जागा स्वच्छ कोरी आली होती. तरी मी कागद जवळ नेऊन बोट फिरवलं, कुठं काही उमटलंय का बघायला.

“आण्णा, चालंल?” पोरगा म्हणाला.

“चालंल,” म्हणालो, आणि मशीनवर पाय ठेवला.