पट्टी मी चढवली होती

आमच्या बँडबद्दल मी आजवर लई बोललेय. मुलाखती दिल्या, स्टेजवरून किस्से सांगितले, नातवाच्या शाळेत जाऊनसुद्धा बोलून आले. पण एक गोष्ट कधी ओठाबाहेर पडली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, तो गेला. डॅनीला सांगितली नाही — तोही गेला. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर असता, तर मी पुन्हा तोच हसवायचा किस्सा सांगून मोकळी झाले असते. मला माझी ओळख आहे ना.

बँड म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर नव्या माणसाला कळायचं नाही. आम्ही चौघं. डॅनी छावणीतला, गिटार वाजवायचा, गाणी त्याचीच. फारूक ड्रमवर. त्याच्या वडलांची शहागंजच्या मागं लाकडाची वखार होती, ती शुक्रवारी बंद असायची, मग दिवसभर आमचा धुडगूस तिथं. म्हणून बँडचं नावच ‘वखार’. मी शैला, कीबोर्ड वाजवायची, मागं साथीला गायची. मला कुणी शिकवलं नाही. ऑर्केस्ट्रात पाहून पाहून बोटं बसली. रॉक बँड आहे म्हटलं की लोक विचारायचे, “म्हणजे वरातीत वाजवता का?” फारूक म्हणायचा, “हौ, घोडा तुमचा, बेहोश हम करेंगे.”

आणि चौथी कौसा.

कौसा गायची. तिच्या घरची मेंढरं होती. गारखेड्याच्या पलीकडं तेव्हा सगळं मोकळं रान, तिथं त्यांचा मुक्काम असायचा. मोठा भाऊ वखारीत लाकडं उतरवायला यायचा, त्याची भाकरी घेऊन ती येई. एकदा भाऊ दिसेना म्हणून तिनं दारातनं हाक मारली — नुसती हाक हो! — आणि डॅनीचा हात गिटारवर थांबला. त्या दिवसापासून ती आमची. मला ताई म्हणायची. माझ्या हातचा चहा प्यायची आणि कपबशी विसळून ठेवायची. मी कधी म्हटलं नाही की राहू दे गं. आमचं घर पाटलाचं. तिनं विसळावी, हे मला बरोबरच वाटायचं.

बघा, कुठं चालले मी. मुद्द्यावर येते.

आमची एक पद्धत होती. सूर माझ्याकडून जायचा. डॅनी म्हणायचा, “शैला, सूर दे,” मी एक पट्टी दाबून धरायची, आणि सगळ्या तारा त्यावर जुळायच्या. दुसरं काही साधन नव्हतं आमच्याकडं. कौसाला तर काळी चार, काळी पाच, काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या बोटाखालून निघेल तोच सूर, एवढंच तिला माहीत. म्हणजे चौघांचा विश्वास माझ्या एका बोटावर. कळतंय ना?

आता माझ्या कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की सगळा बाजा अर्धा सूर वर चढतो. बोटं त्याच जागी, वाजतं मात्र वरचं. उलट्या बाजूनं दाबलं की तेवढाच खाली उतरतो. हे बटण काय करतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

कौसानं माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं, दर वेळी उत्तर तेच. काही नाही. एका कॉलेजात आमचा कार्यक्रम झाला, पोरं तिच्याभोवती जमली, आणि एकानं मला म्हटलं, “बाई, जरा सरका, कौसाताईंचा फोटो घ्यायचाय.” एवढंच. मी सरकले. ‘करवत’ ही कॅसेट निघायची ठरली होती, पुण्याला स्टुडिओ मिळाला होता, आणि कव्हरवर मधोमध कोण उभं राहणार, हे विचारायचीसुद्धा गरज कुणाला वाटत नव्हती. मेंढरामागं फिरणारी पोर मधोमध, आणि मी कडेला?

पुढच्या शुक्रवारी मी बटण एकदा दाबलं आणि सूर दिला.

कुणाला कळलं नाही. ‘करवत’ गाण्याची शेवटची ओळ वर चढते, तिथं कौसाच्या मानेची शीर ताठ झाली. पण गायली. मग दर शुक्रवारी तसंच. ती घसा शेकायची, ज्येष्ठमध चघळायची. मी काळजीनं विचारायची, “कौसे, आवाजाचं काय झालं गं? आधी तर सहज लागायचा.” डॅनीपुढं विचारायची, मुद्दाम. त्याच्या मनात ते बसावं म्हणून. डॅनी म्हणायचा तारा लई कडक लागतायत आजकाल, एक तुटून त्याच्या गालावर बसली. दुकानदारानं हलका माल दिला म्हणून त्यानं शिव्या घातल्या. मी हळद लावली.

पुण्याला स्टुडिओत मी बटण एकाऐवजी दोनदा दाबलं.

काचेच्या पलीकडं कौसा, कानाला ते मोठे हेडफोन, पदर कमरेला खोचलेला. शेवटच्या ओळीला तिचा आवाज फाटला. पुन्हा घेतलं. पुन्हा फाटला. जुनं धोतर टरकावं तसा. मग तर खालच्या ओळीतसुद्धा घाबरून बेसूर व्हायला लागली. रेकॉर्डिंगवाला घड्याळाकडं बघू लागला. पट्टी उतरवा, असं डॅनी का म्हणाला नाही? अहो, त्याच्या लेखी ती तिचीच पट्टी होती, वर्षभर गायलेली. गळाच गेला, असं त्याला वाटलं. मीच तर महिनाभर सांगत होते.

ती बाहेर येऊन भिंतीशी बसली. मी म्हटलं, मी प्रयत्न करून बघते, फक्त माझ्यासाठी पट्टी जरा उतरवावी लागेल. सगळ्यांदेखत बटण दोनदा उलटं दाबलं. सूर दिला. तारा जुळल्या. आणि मी गायले.

गाणं संपलं तेव्हा कौसा उभी होती. म्हणाली, “ताई, ह्यो तर माझाच सूर वाटतोय की. आधी ह्याच्यातच गात हुते मी.”

तिनं ओळखलं होतं हो. न शिकलेली पोर, आणि तिच्या कानानं बरोबर पकडलं होतं. डॅनी माझ्याकडं बघायला लागला. तेव्हा मी हो म्हणू शकत होते. चूक झाली, बटण चुकून दाबलं गेलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी काय म्हणाले?

“कौसे, गळ्याबरोबर कानबी गेले का गं? मेंढरांना हाळ्या घालून घालून?”

फारूक हसला. “क्या शैला, तू भी!” रेकॉर्डिंगवालाही हसला. मग डॅनी हसला. आणि शेवटी कौसासुद्धा हसली — ते हसू मी सांगत नाही, मला जमायचं नाही. बटण मी रागानं दाबलं असेल, पण हे वाक्य रागातलं नव्हतं. थंड डोक्यानं शोधून काढलेलं होतं. गळा गेला तर माणूस निदान ऐकू शकतं. मी तेही ठेवलं नाही.

‘करवत’ चालली. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, शहागंजात पानाच्या टपरीपासून भांड्यांच्या दुकानापर्यंत तीच वाजायची. नांदेड, परभणी, जालना, सगळीकडं बोलावणी. कव्हरवर मधोमध मी. कौसाचं लग्न होऊन ती पैठणकडं गेली.

आणि मला स्टेजवर बोलायची सवय. दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना हसवायला लागतं ना? मी कौसाचा किस्सा सांगायची. आधी अमुक एक गायिका होती आमची, मेंढरंवाली — आणि मग तिचा फाटका आवाज काढून दाखवायची, हात कानावर ठेवून. लोक लोटपोट. शिट्ट्या. पुन्हा काढा म्हणायचे. मी पुन्हा काढायची. इतकी वर्षं काढला की आता तो आवाज मला माझ्या स्वतःच्या आवाजापेक्षा चांगला येतो.

तीन वर्षांमागं आपल्या शहरात आमचा सत्कार झाला. फारूक काठी टेकत आला होता. मी बोलायला उभी राहिले, किस्सा सांगितला, आवाज काढला. हॉल हसला. खाली उतरले तर कौसा समोर. केस पांढरे, लुगडं नीट चापूनचोपून नेसलेलं, सोबत नात. पहिल्यापासून तिथंच बसली होती म्हणे. पाया पडली माझ्या.

“ताई, अजून ध्यानात हाय व्हय तुमच्या? लई हसले मी.” खोटं नव्हती बोलत. खरंच हसली होती.

पोर इकडंतिकडं बघत गुणगुणत होती. ‘करवत’ची शेवटची ओळ. वर चढली, सहज चढली, मधला अवघड सूर घेऊन खाली उतरली. फारूकनं मान वळवून पाहिलं. तो गळा मी ओळखला — तुम्हीही ओळखला असता.

कौसानं तिच्या तोंडावर हात ठेवला. मला म्हणाली, “शाळेतल्या बाई मागं लागल्यात, गाण्याला घाला म्हणून. म्या नाय म्हणलं. आमच्यात गळा टिकत नाय आन् कानबी कच्चे. चार माणसांत हसू व्हायचं लेकराचं. तुम्हीच सांगा ताई, बरोबर केलं ना म्या?”

पोर माझ्याकडं बघत होती. आज्जीचा हात तिच्या तोंडावर तसाच.

मी म्हणाले, “बरोबर केलंस.”

मग फोटोसाठी हाक आली आणि मी मधोमध जाऊन उभी राहिले.