मिरचीचा दात

दार वाजवलं की ती दोन पावलं मागे सरायची, आतल्या माणसाला आपण पूर्ण दिसावं म्हणून. मोजपट्टी गार असेल तर आधी तळहातात धरून ठेवायची. वजनकाट्यावर पहिल्यांदा स्वतः चढायची आणि आकडा बघून "अगं बाई!" म्हणून ओरडायची. रडकुंडीला आलेलं पोरही हसायचं. चहा अर्धाच कप. मुलाची चौकशी मागाहून, आधी आईला, "तू जेवलीस का?"

सगळी वस्ती तिला वजनमावशी म्हणायची.

मुलं जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत कशी वाढतात, हवेपाण्याचं त्यांच्या अंगात काय होतं, याचा अभ्यास डॉक्टरबाई करत होत्या. त्यासाठी घरं अभ्यासात टिकवून धरायची ती वजनमावशीनं. लोक कंटाळतात. धडधाकट मुलाला दरवर्षी कोण तपासू देईल?

"आली पुन्हा!" एक आजोबा दारातच खेकसायचे. "आमची नात म्हणजे काय कांदे-बटाटे आहे, सारखं तोलायला?"

"आजोबा, कांदे-बटाट्यांना भाव असतो. ही अनमोल, म्हणून फुकट तोलते."

आजोबा हसू दाबत बाजूला व्हायचे.

ही नात म्हणजे मिरची. सहा वर्षांची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिचा पहिला दात पडला. लहानपणी अंगात काय काय गेलं ते दुधाच्या दातात सापडतं, म्हणून अभ्यासाला तो हवा होता. मिरचीनं मूठ घट्ट मिटली.

"हरवशील तू."

"नाही गं. जपून ठेवू."

"खरंच?"

"अगदी खरंच."

"मोजून घे मग. एकच आहे."

पुढच्या तपासणीच्या आतच मिरची तापानं गेली. कार्यालयानं तिचं नाव अभ्यासातून काढलं. आता त्या घरी जायचं कारण उरलं नव्हतं. वजनमावशी तरीही गेली. काटा न घेता.

"तिचे कपडे सासूबाईंनी देऊन टाकले," मिरचीची आई म्हणाली. "माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. मावशी, तिचा दात तुमच्याकडे आहे ना? तेवढा द्या मला."

मावशी तडक प्रयोगशाळेत गेली. तिथला तंत्रज्ञ भला माणूस. त्यानं आधी खुर्ची पुढे केली.

"मावशी, दाताची पूड करावी लागते. त्याशिवाय तपासणी होत नाही."

"चिमूटभर उरली असेल."

"तीही यंत्रात जाते."

"मला कुणी सांगितलं नाही रे."

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

खरं होतं. जपून ठेवू, या एका शब्दावर तिनं किती मुठी उघडायला लावल्या होत्या.

ती मिरचीच्या आईला सांगायला गेली. आईनं काचेची छोटी बाटली धुऊन, पुसून, तळाशी कापूस घालून ठेवली होती.

"सापडला?"

"शोधतायत," मावशीच्या तोंडून निघून गेलं. मग ती जिन्यातच बसून राहिली. कुठल्याही घराशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

कार्यालयात कुणीतरी म्हणालं, "दुसरा एखादा दात देऊन टाका की. कुणाला कळतंय?"

"लाज नाही वाटत?" मावशी कडाडली. मग आवाज एकदम खाली आला. "मलाही तेच सुचलं होतं मेलं."

संध्याकाळी तिनं मिरचीच्या आईला फोन केला. "उद्या येते गं." फोन ठेवून शेजारच्या मेजावरच्या मैत्रिणीला म्हणाली, "उद्या सांगूनच टाकते. चार शिव्या घातल्या तर घालू दे. हक्क आहे तिचा."

सकाळी चप्पल घालताना ती दारातच कोसळली. हृदय बंद पडलं. पन्नाशीही गाठली नव्हती.

दुपारी कार्यालयातला फोन वाजला. मैत्रिणीनं उचलला. पलीकडे मिरचीची आई. तिच्यापर्यंत बातमी पोचलेली नव्हती.

"मावशी येणार होत्या आज," ती म्हणाली. "कामात असतील. त्यांना म्हणावं, घाई नाही. सावकाश शोधा."