पाइनच्या खिंडीतली अर्धी वाट

माझ्या वहिनीला आमच्या घरात नाव नव्हतं. हानबाम हे तिचं माहेर, म्हणून सगळ्यांसाठी ती हानबामवाली. तिला बुनी म्हणणारी जगात एकच बाई होती, तिची आई, आणि तीही बहुतेक पत्रातूनच. सासरच्यांनी सोडल्याशिवाय मुलीने माहेरी पाऊल टाकायचं नाही, आणि सासरचे काही सोडत नसत. हा शिरस्ता कोणी घातला कोण जाणे, पण त्याला मुलगी नसणार.

सुयादोरे विकणारी एक बाई वर्षातून दोनदा गावोगाव फिरे. तिच्या पेटाऱ्यातून मायलेकींची पत्रं जात. आमच्या चोसोन देशात चिनी अक्षरं पुरुषांची, बायकांची आपली साधी लिपी. वहिनी कागद भरला की तो आडवा करून समासात लिही, मग उलटा करून ओळींच्या मधे. लिही ते काय? मुळा आंबवला, रेशमाच्या किड्यांनी कोश केले, नदीच्या तोंडाशी परदेशी गलबतं आली म्हणे, वन्सं चुलीपाशी डुलक्या काढतात. वन्सं म्हणजे मी. मला लिहायला तिनेच शिकवलं आणि त्याच हाताने माझ्या चहाड्याही केल्या.

सुगीच्या सणानंतर मात्र तिला एक दिवस मिळे. आमचं गाव आणि हानबाम यांच्या मधोमध पाइनची खिंड आहे. आई तिकडून येई, लेक इकडून. गाठोडी सोडायची, एकमेकींना भरवायचं, रडायचं आणि उन्हं कलायच्या आत परत फिरायचं. त्या अर्ध्या दिवसावर वहिनी वर्ष काढायची.

वहिनीला मान्सोक झाला त्या वर्षी आमच्या फाटकावर, मुलगा झाल्याची खूण म्हणून, मिरच्या ओवलेला पेंढ्याचा दोर लागला. तीन आठवडे बाहेरचं माणूस आत नाही, वाईट बातमी नाही. वहिनीने बाळंतिणीच्या खोलीतूनच आईला लिहिलं, या वर्षी उशीर होईल, नवव्या महिन्याच्या पौर्णिमेला नातू घेऊन येते. सुईवाली पत्र घेऊन पुढच्या गावांना गेली. ती आता वसंतातच परतणार, म्हणून उत्तराची वाट कोणी पाहत नव्हतं.

थोड्याच दिवसांत हानबामहून माणूस आला. दोर पाहून तो बाहेरच थांबला, बाबांच्या हाती कागद दिला आणि पाणीही न पिता गेला. मृत्यूची चिठ्ठी घरात आणत नाहीत. बाबांनी वाचून ती कुंपणाच्या पेंढ्यात खोचली. वहिनीची आई गेली होती. बाळंतिणीचं दूध आटेल, म्हणून दोर उतरेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, मग दादाने तिला सांगायचं, असं बाबांनी ठरवलं.

दोर उतरला. सांगितलंस का, माझ्या आईने विचारलं, आणि दादाने हो म्हणून मान डोलावली. माझा दादा बैलालाही खडसावत नसे, तो बायकोला हे काय सांगणार? पण तेव्हा ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. वहिनी रडली नाही, तिने सुतकाचं कापड अंगावर घेतलं नाही. दुःख गिळतेय बिचारी, आई म्हणाली. सगळे तिच्याशी हळू बोलू लागले, आणि वहिनीला वाटलं मुलगा झाला म्हणून मान वाढला. रोज डोक्यावर घडा घेऊन ती त्या कुंपणावरून जायची. कागद दिसला असता तरी त्यावरची चिनी अक्षरं तिला वाचता येत नव्हती.

पौर्णिमेला तिने खिंडीत जाऊ का म्हणून विचारलं. तिथे बसून रडून घेईल, असं आईला वाटलं. तिने लगेच परवानगी दिली, शिदोरीला तांदूळ देतानाही हात आखडला नाही, वर मला सोबत धाडलं. वाटभर वहिनी बाळाला शिकवत होती, आजीकडे बघून कसं हसायचं ते. हिला माहीतच नाही की काय? मी काही विचारणार, तोच समोरच्या उतारावर पांढरं काही दिसलं.

चोसोनमध्ये पांढरं सगळेच नेसतात. "आई," म्हणत वहिनी धावत सुटली आणि जवळ पोचल्यावर एकदम थांबली. ते कापड पांढरं नव्हतं, सुतकातलं जाडंभरडं मळकट होतं, आणि कमरेला वाखाचा दोर होता. आली होती ती वहिनीची भावजय.

तिने वहिनीचंच पत्र पुढे केलं. "हे आलं तेव्हा आम्ही त्यांना पुरून आलो होतो," ती म्हणाली. "तुमची आधीची सगळी पत्रं त्यांच्या उशाशी ठेवली, तसं त्या सांगून गेल्या होत्या. म्हटलं, तुम्हाला कळलं असेल. पण नसलंच कळलं, तर इथे कोणीतरी यायला हवं."

"म्हणजे हे तिने वाचलंच नाही," वहिनी म्हणाली आणि खालीच बसली. तसलं रडणं मला पुन्हा ऐकायचं नाही.

दादाशी ती वर्षभर बोलली नाही. पुढे बोलली, तेही बैल आजारी पडला म्हणून.

मग मी लग्न होऊन लांब गेले. माझी आई गुडघ्यांनी अधू, तिला अर्धी वाटही झेपेना. म्हणून दर सुगीनंतर तिच्या जागी वहिनी त्याच खिंडीत यायची. पत्रंही तीच लिहायची, आडवी, उलटी, समास भरून. मी तिला पत्रात बुनी म्हणू लागले. नणंदेने असं लिहिणं बरं दिसत नाही, पण तिने मला कधी हटकलं नाही.

गेल्या सुगीनंतर मी ठरल्या जागी बसले होते. समोरच्या उतारावर पांढरं दिसलं, तशी मी कापड निरखू लागले. तो मान्सोक होता, जाड्याभरड्या कापडात. चिठ्ठी मुद्दाम पाठवली नाही म्हणाला, आत्याला माणसानेच जाऊन सांगायचं, असं जाताना त्याच्या आईने बजावलं होतं. मी कितीतरी वेळ रडले. मग विचारलं, माझी पत्रं तिच्याबरोबर ठेवलीस का रे?

"सगळी ठेवली आत्या, उशाशी. हातात मात्र तिने ते जुनं पत्र मागून घेतलं होतं, इथून परत आणलेलं. म्हणाली, आईचं वाचायचं राहिलंय, माझी मीच देईन."