आईचं आभाराचं बोलणं

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. आईला तर नाहीच नाही. माझ्या मुलीला कधीतरी अर्धी माहीत होती, पण तेव्हा ती सहा वर्षांची होती — आता विसरली असावी. विसरली असेल ना? विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

२०१४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला राहायचो. मी रोज ट्रेनने वेलिंग्टनला जायचो, कॉम्प्युटरचं काम. बाबा गेल्यावर आईला सहा महिन्यांसाठी पुण्याहून आणलं होतं. तिला करमावं म्हणून आणलं, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे आम्ही नवराबायको दिवसभर कामावर, मुलगी सई शाळेत, आणि आई त्या शांत रस्त्यावरच्या शांत घरात एकटी.

शेजारी जोन नावाच्या बाई होत्या. सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच. आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी कुंपणाच्या दोन बाजूंनी दोघींचं काहीतरी चाललेलं असायचं. आई कोथिंबीर द्यायची, त्या लिंबं द्यायच्या.

ऑक्टोबरात एका दुपारी आईचे मला तीन फोन आले. पहिले दोन आले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण तिसऱ्या वेळी — तिसऱ्या वेळी मी कॉफी पीत होतो. स्क्रीनवर ‘आई’ दिसलं आणि मी फोन पालथा ठेवला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही रे, सहज केला होता.’ मला बरं वाटलं. मी पुढे काही विचारलं नाही.

नोव्हेंबरात समोरच्या लिंडाने गल्लीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. ती अमेरिकन. थँक्सगिव्हिंग हा त्यांचा आभार मानायचा सण इथे कुणी करत नाही, सुट्टीही नसते, म्हणून तिने शनिवारी दुपारी ठेवलं होतं. लख्ख ऊन, हिरवळीवर लांब टेबल, वाऱ्याने उडू नयेत म्हणून नॅपकिनांवर दगड. माझ्याच कंपनीतले एक वरिष्ठ लिंडाच्या नवऱ्याचे मित्र निघाले, तेही आले होते. बायकोची त्या दिवशी फार्मसीत ड्यूटी होती. मी, सई आणि आई गेलो. आईने कोथिंबीर वडी करून नेली होती आणि ती पहिल्या पाच मिनिटांत संपली, याचा तिला फार आनंद झाला होता.

जेवण झाल्यावर लिंडा म्हणाली, आता प्रत्येकाने सांगायचं — या वर्षी तुम्ही कशाबद्दल आभारी आहात? लोक बोलले. कुणी तब्येतीबद्दल, कुणी नव्या नातवाबद्दल. मी नोकरीबद्दल बोललो, साहेबांकडे बघत. मग लिंडा आईकडे वळली आणि मला म्हणाली, ‘आईंना मराठीत बोलू दे. तू आम्हाला सांग.’

आई उभी राहिली. तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. पदर सारखा केला आणि जोनबाईंकडे बघून बोलायला लागली.

‘मी या जोनबाईंची आभारी आहे. त्या दिवशी मी फिरायला गेले आणि वाट चुकले. सगळी घरं सारखीच दिसायला लागली. याला फोन केला, पण हा कामात होता. पाय लटपटायला लागले, तशी मी फुटपाथवरच बसले. या गाडीतून चालल्या होत्या, त्यांनी बघितलं. हात धरून घरी आणलं, चहा केला, सूनबाईची यायची वेळ होईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या. त्या आल्या नसत्या तर माझं काय झालं असतं कोण जाणे. हे मला त्यांना सांगता येत नव्हतं. आज सांगते.’

ती बसली. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबही.

मी काय सांगितलं? मी म्हणालो, आई कुटुंबाबद्दल आभारी आहे, तुम्हा सगळ्यांबद्दल आणि या सुंदर देशाबद्दल.

सगळे खूश झाले. जोनबाई मात्र अजून आईकडेच बघत होत्या. ‘माझं नाव आलं ना त्यात?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘हो. तुमची बाग तिला फार आवडते.’ त्या हसल्या, आईला मान लवून थँक यू म्हणाल्या. आईनेही हात जोडले.

मग आईने मला हळूच विचारलं, ‘एवढ्यात झालं सांगून?’

‘इंग्रजीत कमी शब्द लागतात,’ मी म्हणालो.

सई माझ्याकडे बघत होती. ती उत्तरं इंग्रजीत देते, पण मराठी तिला सगळं कळतं. घरी येताना, रस्ता ओलांडताना म्हणाली, ‘बाबा, यू सेड इट राँग.’ मोठी माणसं असंच थोडक्यात सांगतात, असं मी तिला समजावलं. तिने माझा हात सोडला नाही. पण घरापर्यंत खाली बघत चालली.

जानेवारीत आई परत गेली. पुढच्या वर्षी जोनबाईंनी घर विकलं. टौरंगाला मुलीजवळ राहायला जाणार होत्या. सामानाचा ट्रक भरत होता तेव्हा मला हाक मारून म्हणाल्या, ‘एक विचारायचं राहिलं होतं. तुझ्या आईला मी त्या दिवशी दंडाला धरून घरी आणलं, स्वयंपाकघरात शिरून चहा केला. तिला आवडलं नाही का ते? नंतर कधी तो विषय निघाला नाही, म्हणून मी जरा लांबच राहिले. उगाच मध्येमध्ये केल्यासारखं नको.’

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. साहेब नव्हते, टेबल नव्हतं, कुणापुढे माझं काही कमी होणार नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं.

मी म्हणालो, ‘छे छे, तिला काही वाटलं नाही.’

त्यांनी मान हलवली. ‘बरं झालं,’ म्हणाल्या, आणि खोकी मोजायला गेल्या.

तीन वर्षांनी लिंडाकडून कळलं की जोनबाई गेल्या. मी पुण्याला फोन करून आईला सांगितलं.  ती म्हणाली, ‘चांगली होती रे बाई. बरं झालं, मी तेव्हा त्यांना सगळं बोलले. नाहीतर आज मनाला लागून राहिलं असतं.’

‘हो आई,’ मी म्हणालो.