पुठ्ठ्याचा चेक

शी! तो हॉल आठवला की अजून तोंड कडू होतं.

आमचे हे दिल्लीत सरकारी प्रयोगशाळेत होते. तरुणपणी ह्यांचा एक पेपर परदेशातल्या परिषदेत घेतला गेला, पण भाडं मंजूर झालं ते साहेबांचं. साहेब गेले, ह्यांच्या स्लाइड दाखवून आले आणि येताना चॉकलेटचा डबा घेऊन आले. ह्यांनी त्याला हात लावला नाही.

म्हणून हे गेल्यावर मी सगळ्यांना बजावलं, हार नकोत, फळांच्या टोपल्या नकोत. द्यायचंच असेल तर ह्यांच्या नावाने निधीत घाला, कुणा नव्या पोराला नाहीतर पोरीला परिषदेला जाता येईल. द्वारकेच्या आमच्या सोसायटीतल्या लोकांनीही दिलं हो. निधी ह्यांच्याच संस्थेकडे, त्या प्रयोगशाळेकडे सोपवला.

पहिला पुरस्कार मिळाला तो तिथेच संशोधन करणाऱ्या, कॅन्टोन्मेंटमधल्या एका हवालदाराच्या लेकीला. तिकीट काढलेलं, रात्रीचं विमान, पहिल्यांदाच स्वतःचं काम जगापुढे मांडायचं. पण संस्थेचा हट्ट, आधी स्टेजवर चेक घे, मग जा. समारंभ दुपारचा. आणि दिल्लीत दुपार म्हणजे प्रमुख पाहुणे येतील तेव्हा!

बॅनरवर संचालकांचा फोटो दाराएवढा, ह्यांचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. समोसे गार झाले, खुर्च्यांवरचे लोक पेंगायला लागले. पोरगी माझ्या शेजारी, पायांत बॅग धरून बसलेली.

"काकू, आता नाही निघाले तर विमान जाईल."

मी संचालकांच्या पीएला गाठलं.

"मॅडम, बस पाँच मिनट. चीफ गेस्ट बिल्कुल रास्ते में हैं."

"हे पाँच मिनट मी मघापासून ऐकतेय. बच्ची की फ्लाइट है."

"फ्लाइट तो रोज जाती है, मॅडम. चीफ गेस्ट रोज थोडे ही आते हैं?"

अशी किळस आली म्हणता! परत आले आणि पोरीला म्हटलं, "ऊठ."

"संचालक सर चिडतील, काकू. माझं पुढचं सगळं त्यांच्या सहीवर आहे."

"चिडू देत. सांग, म्हातारीने हाकललं."

मागच्या दाराने नेऊन तिला टॅक्सीत बसवलं. तिथेही पाया पडायला वाकली. म्हटलं, "अगं, पाय कुठे पळत नाहीत, विमान पळतंय!"

मग रात्र पडल्यावर आले एकदाचे पाहुणे. पोरीचं नाव पुकारलं. आता काय सांगतात बघू, म्हणून मी बसले; तर रिसेप्शनवरची मुलगी उठली, शांतपणे वर गेली आणि तो भला मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात घेऊन उभी राहिली. टाळ्या!

"ये कौन?" मी पीएला विचारलं.

"चेहरा कौन देखता है, मॅडम? फोटो हो जाएगा."

ह्यांच्याच फोटोखाली. मेहनत एकाची आणि उभं राहायचं भलत्यानेच, तेही ह्यांच्या नावाने! त्या मुलीचा काय दोष, बिचारी नोकरीला बांधलेली. पण बाकीच्यांना थोडी तरी लाज?

शाल द्यायला मला वर बोलावलं. पदराआड फोन थरथरला. "काकू, बसले आत. खिडकी मिळाली." फोटोग्राफर ओरडतोय, "माताजी, इधर देखिए, स्माइल!" मी कशाला बघतेय? मान खाली घालून तेच पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

तो फोटो संस्थेच्या पत्रिकेत छापून आलाय. खाली लिहिलंय, पतीच्या आठवणीने गहिवरलेल्या श्रीमती.