स्टॅबिलिटी काकांचं बारा महिन्यांचं रीडिंग

रविवार, १२ जानेवारी. वेळ दुपारी चार. स्थळ: आमच्या सोसायटीचं ऑफिस, बोईसर. उपस्थित: शिंदे काका, गेटवर सुकी मासळी विकायला येणाऱ्या जनीबाय, वॉचमन यादवजी, माझे यजमान, आणि सेक्रेटरी या नात्याने मी. विषय: अंतराळयानाच्या त्या मालिकेचे नवे तीन सिनेमे टिकतील की नाही. हा विषय वहीत लिहिताना माझं पेन जरा अडखळलं. आमच्या सोसायटीचे विषय साधारणपणे टाकी, लिफ्ट आणि पुन्हा लिफ्ट असे असतात.

शिंदे काका कुठल्याही गोष्टीला सहा महिन्यांच्या आत चांगलं म्हणत नसत. आम्ही नवा सोफा घेतला तेव्हा ते आले, बसले, उठले आणि म्हणाले, "जुलैत सांगतो." जुलैत खरंच आले. पुन्हा बसले आणि म्हणाले, "चांगला आहे." तोवर आम्ही स्वतः सोफ्याबद्दल विचार करायचं सोडलं होतं. सोसायटीत लग्न झालं की ते जेवायला येत, पण आहेर सहा महिन्यांनी देत. जोडपं तोपर्यंत एकत्र असेल तर दोघांना एकत्र बोलावून, पाकिटावर दोन्ही तारखा लिहून. प्राजूचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, दहावीचा निकाल जूनमध्ये लागला आणि पेढे डिसेंबरात वाटले गेले. कसले पेढे हे विचारणाऱ्यांत मीही होते.

याचं कारण त्यांची नोकरी. साताऱ्याकडून आलेले काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. त्यांचं काम एकच. तयार झालेल्या गोळ्या एका कपाटात ठेवायच्या, आत मुद्दाम उकाडा आणि दमटपणा ठेवायचा आणि एक, तीन, सहा, बारा महिन्यांनी कपाट उघडून गोळी अजून गोळीच आहे का ते बघायचं. या कामाला तिथे स्टॅबिलिटी म्हणतात. त्यावरून सगळा बोईसर पूर्व त्यांना स्टॅबिलिटी काका म्हणायचा. निवृत्त होताना कपाट कारखान्यातच राहिलं, सवय तेवढी घरी आली. त्यांच्या स्वयंपाकघरात लोणचं, हिंग, बिस्किटं, काडेपेटी या सगळ्यांवर उघडल्याची तारीख चिकटवलेली असे. छत्रीवरही होती.

आता सिनेमांचं. जुने तीन सिनेमे काकांनी आणि प्राजूने तिच्या लहानपणी किती वेळा पाहिले याची नोंद नाही, हे काकांच्या बाबतीत आश्चर्यच. एक मालवाहू यान एका कोरड्या ग्रहावर पाणी पोचवत असतं, एवढीच गोष्ट. यानावर एक यंत्र असतं. गोल पोटाचं, तांब्याच्या रंगाचं, वर नळकांडं. त्याला बोलता येत नाही. सगळे त्याच्यासमोर आपापली दुःखं सांगतात आणि ते नुसतं वाफ सोडतं. शिंद्यांच्या घरात त्याला बंब म्हणत. प्राजूची आई गेली त्या वर्षी बापलेक संध्याकाळी फारसं बोलत नसत, सिनेमा लावून बसत. हे मला प्राजूनेच सांगितलं होतं. तिघं मिळून शांत होतो, काकू, ती म्हणाली होती. तिघं म्हणजे ती, बाबा आणि बंब.

पुढे प्राजू पुण्याला नोकरीला लागली. पहिल्या पगारातून तिने बाबांना नव्या मालिकेच्या पहिल्या सिनेमाला नेलं. नव्या सिनेमात बंब बारीक केला होता, पांढरा केला होता, आणि शेवटाकडे तो चक्क बोलला. हिंदीत. कॅप्टन रडत असते आणि तो म्हणतो, "मैं सब सुन रहा था।" थिएटरात प्राजूचे डोळे भरून आले. काका तिच्या शेजारून सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग इतकी वर्षं तोंडाला काय झालं होतं? सहा महिने टिकत नाही हे." लोक हसले. प्राजू उठून बाहेर गेली. त्यानंतर ती बोईसरला यायची, डबे भरून ठेवायची, औषधं बघायची. सिनेमा मात्र बापाबरोबर पुन्हा बघितला नाही. पुढचे दोन नवे भाग तिने पुण्यात एकटीने पाहिले.

काकांना ते लागलं होतं. पण माफी मागायची तर आपण चुकलो हे आधी सिद्ध व्हायला हवं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. "मी सहा महिने टिकत नाही म्हणालो," ते मला म्हणाले. "हे विधान आहे, वहिनी. विधान तपासता येतं. चुकीचं निघालं तर मी तिला तसं लेखी देईन." मी म्हटलं, फोन करून सॉरी म्हणा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी कपाट अर्ध्यातच उघडा म्हणाले होते.

अशा रीतीने १२ जानेवारीची ती सभा. त्याआधी सहा दिवसांत आम्ही पाच जणांनी सहाही सिनेमे ऑफिसातल्या टीव्हीवर बघितले होते. आम्ही नमुने होतो. काकांनी प्रत्येकाला क्रमांक आणि साठवणुकीची स्थिती दिली. यजमान एसीत बसून काम करतात म्हणून शीत साठवण. मी रोज कोळगावला कामाला जाते, सबब साधारण तापमान. यादवजींची केबिन पत्र्याची आणि जनीबायंचं बसणं भर उन्हात, म्हणून त्या दोघांना प्रवेगित स्थिती. म्हणजे इतरांच्या सहा महिन्यांत ते दोन वर्षांनी जुने होणार. यादवजींनी विचारलं, "साहब, इससे कुछ होगा तो नहीं?" काकांनी त्यांना धीर दिला. पाचवा नमुना ते स्वतः होते. त्यांचं रीडिंग मी घ्यायचं, कारण नमुन्याने स्वतःला तपासायचं नसतं.

काकांनी केलेल्या तपासणीच्या पत्रकात प्रश्न तीनच. एखादा प्रसंग सांगा. एखादं वाक्य जसंच्या तसं सांगा. पुन्हा बघाल का? आणि वर्षभर नियम एक: सिनेमांबद्दल कुणाशी बोलायचं नाही, बाटली उघडली की नमुना बाद.

पहिल्या महिन्याला यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "कुठला सिनेमा?" काकांनी जुन्या तीनबद्दल विचारलं. तेही आठवत नव्हते. मग आमच्या लग्नातला एखादा प्रसंग विचारला. काकांनी वही मिटली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हा नमुना मुळात रिकामा आहे. पण असू द्या, तुलनेला लागतो." यजमानांना याचा आनंद झाला. बारा महिने कुणी काही विचारणार नाही, हे त्यांना कळलं तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या महिन्याला गडबड झाली. जनीबाय तारापूरच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या. तिथे वाळवणासारखीच गोष्टही एकट्याने पसरत नाहीत. त्यांनी सहाही सिनेमे बोंबील निवडता निवडता सगळ्या बायांना सांगून टाकले होते. काकांनी प्रसंग विचारला, तर यानातून पाण्याऐवजी मासळी चालली होती, कॅप्टनला दोन सुना होत्या आणि बंब शेवटी बोलतो तेव्हा आधी सुनांना झापतो. काकांनी विचारलं, हे कुठल्या भागात आहे? जनीबाय म्हणाल्या, "आमच्यात हाय."

काकांनी लाल पेनाने नोंद केली: नमुना क्रमांक दोन दूषित. जनीबायंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. टोपलीतला एक सुका बोंबील काढून त्यांनी टेबलावर वहीशेजारी ठेवला.

"ह्यो ताजा होता तवा दोन दिस राह्यला नसता. आता वरीसभर राहील. चव येगळी, वास येगळा, रंग येगळा. मंग टिकला म्हनशील का नाय?"

काकांनी बोंबील उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "मूळ गुणधर्म बदलले असतील तर आमच्याकडे नाही म्हणतात."

"मंग तुमी लोक खाता काय?" जनीबाय म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या. बोंबील तिथेच राहिला. काकांनी त्याला तारीख चिकटवली.

सहाव्या महिन्याला यादवजींनी प्रसंग सांगितला, वाक्य सांगितलं, पुन्हा बघू म्हणाले. पण सगळं जुन्या भागांतलं. नव्या तिन्हींतलं काहीच नाही. काका खूश व्हायला हवे होते. त्यांचंच म्हणणं खरं होत होतं. पण त्या दिवशी त्यांनी यादवजींना तीन-तीनदा विचारलं: नये में से कुछ? थोडा भी? वो सफेदवाला? यादवजींनी डोकं खाजवून सांगितलं, "साब, आप बोलो तो याद कर लेता हूँ।" काका म्हणाले, असं चालत नाही. घरी जाताना त्यांनी मला विचारलं, की प्राजूला दिवाळीत यायला सुट्टी असेल का. मी काय सांगणार? ती मुलगी त्यांची.

माझं रीडिंग मी स्वतःच यादी करून आणलं होतं. दोन प्रसंग, एक वाक्य, पुन्हा बघणार नाही. काकांनी यादी परत केली. लिहून आणलेलं ग्राह्य धरत नाहीत.

बारावा महिना भरला, त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. नमुना क्रमांक पाच. मी वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला. काका बोलायला लागले ते चाळीस मिनिटं थांबले नाहीत. नव्या तिन्ही भागांतला एकेक प्रसंग, त्यातल्या चुका, बंबाचा पांढरा रंग कुठल्या दृश्यात मळलेला दिसतो आणि पुढच्याच दृश्यात कसा स्वच्छ होतो, कॅप्टनने पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलं ते कुणीच कसं बघत नाही. रागाने बोलत होते, पण एक चमचासुद्धा विसरले नव्हते. मी लिहून लिहून थकले. दुसरा प्रश्न विचारला, एखादं वाक्य. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मैं सब सुन रहा था।" आणि ते तसं म्हणाले, की मी पेन खाली ठेवलं.

मग मीच म्हटलं, "काका, यादवजी विसरले, मी विसरत चालले, आमच्याकडचे तर सोडाच. सगळ्यांत जास्त तुमच्यात टिकलेत."

"रागाने टिकलेलं धरायचं का?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं. "पत्रकात तशी मर्यादा दिलेली नाही."

"पत्रक तुम्हीच केलंय."

त्यावर ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "टिकलेत, वहिनी. मी चुकलो. हे असंच लिहा." मी लिहिलं. तिसरा प्रश्न राहिला होता, पुन्हा बघाल का. "ती बघणार असेल तर," ते म्हणाले. तेही मी जसंच्या तसं लिहिलं.

मी म्हटलं, आत्ता फोन लावू तिला? त्यांनी मान हलवली. अहवाल तीन सह्यांचा होता. तयार करणार ते, तपासणार मी, आणि सगळं पुन्हा थंड डोक्याने वाचून मंजुरीची सही तेच करणार. सह्या होईपर्यंत निकाल बाहेर सांगायचा नाही. तीस वर्षांत त्यांनी कधी सांगितला नव्हता. "सव्वीस जानेवारी होऊ द्या. मग निवांत बसून सही करतो आणि मीच सांगतो तिला. तुम्ही सांगू नका." मी नाही सांगणार म्हटलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदनाच्या खुर्च्या मोजताना त्यांना घाम आला. आम्ही रिक्षा बोलावली. रिक्षात बसताना ते मला म्हणाले, "अठ्ठावीस आहेत. दोन कमी पडतील, वरच्या मजल्यावरून आणा." दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. खुर्च्या खरोखरच दोन कमी होत्या.

प्राजू आली, तेरावं होईपर्यंत राहिली. शेवटच्या दुपारी घर आवरताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, त्या सिनेमांचं बाबांनी शेवटी काय ठरवलं?" अहवाल माझ्या कपाटात होता. तयार केला, तपासला, या दोन सह्या होत्या. मी म्हणाले, "अहवाल पूर्ण झाला नाही गं." हे शब्दशः खरं होतं. ती जरा हसली. "म्हणजे नापासच," म्हणाली आणि हिंगाच्या डबीवरची तारीख नखाने खरवडायला लागली. ती निघून गेल्यावर मला माझाच एवढा राग आला, की माझ्या रोजच्या कामांच्या यादीतलं त्या दिवशी एकही काम मी खोडलं नाही.

यजमान म्हणतात, मंजुरीची सही तूच कर, सेक्रेटरी आहेस. जनीबाय म्हणतात, "कागुद गेला खड्ड्यात. पोरीला फोन कर." मालिकेचा आणखी एक नवा भाग येतोय. प्राजूने परवा कळवलं, की या वेळी तो बघायची इच्छा नाही.

आजच्या यादीत सात कामं होती. टाकीवाल्याला बोलावणं, लिफ्टची तक्रार, खुर्च्यांची खरेदी, वाणगावला बहिणीकडे निरोप, ही सगळी झाली. गॅसचा नंबर लावला, यादवजींची रजा मंजूर केली. सातवं काम फेब्रुवारीच्या याद्यांत होतं, मार्चच्याही. प्राजूला फोन करणे. आज नंबर लावला, एक रिंग वाजली आणि मी ठेवून दिला. बाकी.