विहारासाठी निवडलेलं सीएसएसचं पुस्तक

आमच्या पोंभुर्ण्याच्या विहारात एका कपाटात मावेल एवढं वाचनालय आहे, पण नियम कडक. पुस्तक ज्यानं मागितलं त्यानंच निवडून आणायचं आणि रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून काय शिकलो ते सांगायचं. पटलं तरच पुस्तकावर शिक्का. नाही तर ते बदलून दुसरं.

मला वेब पेज बनवायला शिकायचं होतं, त्यातही पानाला रंगरूप देणारी सीएसएस ही भाषा. कपाटात जिकडेतिकडे पोलीस भरती आणि तलाठी परीक्षा, त्यात एक जागा सीएसएसला मिळावी म्हणून मी दोन रविवार भांडले. वाचनालय सांभाळणारे भाऊ शेवटी कंटाळून म्हणाले, "आण बा. पण जमलं नाई तं त्या जागी भरतीचंच पुस्तक येईन."

चंद्रपूरच्या दुकानदारानं दोन पुस्तकं काढून पुढे ठेवली. एक पातळ, नुसतं 'हे करून बघा, ते करून बघा'. दुसरं जाडजूड, प्रत्येक धड्याखाली प्रश्नसंच, शेवटी उत्तरसूची. मी डोळे झाकून जाडं घेतलं. आमच्या घरात भरतीची तयारी करणारं कोणी ना कोणी असतंच. प्रश्नसंच नसलेलं पुस्तक आम्हाला अर्धवटच वाटतं.

मी ते पुस्तक घोकलं. रविवारी मार्जिन आणि पॅडिंग, म्हणजे चौकटीबाहेरची आणि आतली मोकळी जागा, यांतला फरक घडाघडा सांगितला, टाळ्याही घेतल्या. मग भाऊंनी विहारातला जुना लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "पाठ तं मस्त झालं. आता आपल्या पुस्तकांच्या यादीचं पान बनवून दाखव."

पान पांढरं ते पांढरंच राहिलं, त्यावर काळी अक्षरं. सीएसएसची फाईल पानाला जोडायची कशी, हे कुठल्याच प्रश्नात विचारलेलं नव्हतं! मला इतकी लाज वाटली की लॅपटॉपवरून मान वर होईना. भाऊ भरतीच्या पुस्तकाचं नाव लिहायलाही बसले होते. तेवढ्यात पुढच्या चटईवरच्या बाई बोलल्या. दर रविवारी मेणबत्त्या त्याच लावतात. "अजून एक डाव द्या तिले. पोरगी आहे, शिकून राह्यली."

दुसऱ्या खेपेला मी दुकानात उभी राहून सीएसएसची होती नव्हती ती सगळी पुस्तकं पारखली. प्रत्येकाचा पहिला धडा उघडायचा आणि तिथल्या तिथे मोबाईलवर करून बघायचा. दुकानदार वैतागला. "मॅडम, घेऊन राह्यल्या का इथीच वाचून राह्यल्या?" जाडी पुस्तकं पहिल्या धड्यात इतिहासच सांगत बसली. त्या पातळ पुस्तकानं मात्र पहिल्याच धड्यात फाईल जोडायला लावली आणि माझ्या मोबाईलवरचं शीर्षक निळं झालं. मी दुकानात एकटीच हसले. हेच ते पुस्तक, आणि आधी मी ते नाकारलं होतं.

पुढच्या रविवारी यादीचं पान उघडलं. निळी पट्टी, खाली पुस्तकांची नावं ओळीनं. भाऊ काही बोलायच्या आत बाई उठून लॅपटॉपजवळ आल्या. "मले काई दिसून नाई राह्यलं."

मी सीएसएसमधला एक आकडा बदलला. अक्षरं दुप्पट मोठी झाली. बाई पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचू लागल्या. भाऊंची नोंदवही बारीक अक्षरातली, कपाट कुलपात. इतक्या वर्षांत बाईंनी एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं, आणि वाचनाची आवड नसेल असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

बोट एका नावावर थांबलं. शेतावरच्या पक्ष्यांचं पुस्तक होतं ते.

"हे आपल्या इथी आहे?"

"पहिल्यापासून आहे, बाई," भाऊ म्हणाले.

"मंग मले काऊन नाई सांगितलं कोणी? काढा."

भाऊ किल्ली शोधायला धावले. त्या गडबडीत माझ्या पुस्तकावर शिक्का मारायचं राहूनच गेलं, आणि मीही आठवण केली नाही.